पातळ एसएस पाइपचं आर्गॉन वेल्डिंग: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ग्रिल-गेटच्या दुकानात दोन वर्षं रॉडचं वेल्डिंग केल्यावर मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. तिथे डेअरीच्या लाइनी बनायच्या. दीड-दोन इंची एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पाइप, जाडी जेमतेम १.६ मिलिमीटर. वेल्डिंग तर येतंय, फक्त मशीन बदलायचं, असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी पाइपला चार ठिकाणी भोकं पडली.

महिनाभराने एक जॉइंट छान जमला. सगळीकडून सारखा, सोनेरी. तो घेऊन मी काकांकडे गेलो. ते आमचे मुख्य वेल्डर, सगळं वर्कशॉप त्यांना काकाच म्हणायचं. त्यांनी जॉइंट हातात फिरवून पाहिला, व्हाइसमध्ये आवळला आणि हॅकसॉने उभा चिरला. आतली बाजू काळी होती, करपलेल्या साखरेचे दाणे फुलून यावेत तशी खरबरीत. "दूध आतून जातं ना रे?" एवढंच ते म्हणाले.

त्या खरबरीत जागेत दुधाचा कण अडकतो. लाइन धुण्याच्या रसायनाने तो निघत नाही, तिथे जंतू वाढतात आणि पुढे पाइप तिथूनच गंजायला लागतो. खाली लिहिलेली जवळजवळ प्रत्येक पायरी त्या आतल्या बाजूसाठी आहे. हाताचं वळण सरावाने येतं. स्वच्छता आणि गॅस यांची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते, म्हणून त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

१. शिकायचं कुठे, हे आधी ठरवा

पुण्यात तीन वाटा आहेत. पहिली आयटीआयची. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास चालतं, आणि अभ्यासक्रमात गॅस, रॉड, सीओटू यांच्यासोबत टिगही येतं. टिग म्हणजेच आपल्याकडचं आर्गॉन वेल्डिंग. औंधची शासकीय आयटीआय आणि मोरवाडीची महापालिकेची आयटीआय पुणे-पिंपरीकरांना जवळच्या. प्रवेश राज्यभर एकत्रित ऑनलाइन पद्धतीने होतात आणि अर्ज दहावीच्या निकालाच्या आसपास सुरू होतात. तारीख हुकली तर वर्ष जातं.

दुसरी वाट खासगी क्लासची. इथे पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: रोज प्रत्यक्ष आर्क किती वेळ मिळणार, आणि सरावाला एसएसचा पाइप देणार की एमएसची, म्हणजे साध्या लोखंडाची पट्टी? मी एका ठिकाणी पूर्ण फी भरली होती. तिथे एका मशीनवर नऊ जण होतो आणि एसएस शेवटच्या आठवड्यात दोन दिवस मिळालं. आर्गॉन हातात बसायला रोजचा सराव लागतो. अर्धा तास का होईना, पण रोज.

तिसरी वाट माझी: भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या पट्ट्यात एखाद्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागायचं. सुरुवातीला ग्राइंडिंग, बफिंग, पाइप कापणं आणि पर्जिंग लावणं, म्हणजे पाइपच्या आत आर्गॉन भरणं, हीच कामं मिळतात. त्यांना कमी समजू नका. चांगल्या जॉइंटचं निम्मं काम त्यातच असतं. जेवणाच्या सुट्टीत कापलेल्या तुकड्यांवर सराव करू देणारा मालक मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथे टिका.

आयटीआयसाठी ही कागदपत्रं जमवून ठेवा:

- शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका
- आधार कार्ड, आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं
- रहिवास दाखला, आणि लागू असेल तर जातीचा दाखला
- पासपोर्ट साइज फोटो, आणि चालू असलेला मोबाइल नंबर

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच तपासा. सर्वांत जास्त मुलं इथे अडकताना मी पाहिली आहेत.

२. डोळे, कातडी आणि श्वास

एसएस चकचकीत असतं, त्यामुळे आर्कचा प्रकाश समोरून येतो तसा पाइपवरून उलटूनही येतो. रॉडच्या वेल्डिंगएवढा धूर नसतो म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि मान, गळा, मनगट भाजून घेतात. पूर्ण बाहीचा जाड सुती शर्ट घाला, वरचं बटण लावा. पॉलिस्टरचा टी-शर्ट नको, ठिणगी लागली की तो वितळून कातडीला चिकटतो. हातमोजे पातळ चामड्याचे घ्या. रॉडचे जाड मोजे घालून फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, बोटांत सरकत नाही.

हेल्मेटची काच ९ ते ११ नंबरची. आपोआप काळं होणारं हेल्मेट घेत असाल तर ते कमी अँपिअरच्या टिगवर चालतं का, हे दुकानातच विचारा. स्वस्त हेल्मेटं ४० अँपिअरच्या आर्कला कधी काळी होतात, कधी होत नाहीत. सेन्सरच्या आड पाइप आला तरी तेच होतं.

डोळ्यांना आर्क लागल्याचं लगेच कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुतेक झोपायच्या वेळी, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. वर्कशॉपमध्ये कुणीतरी बटाट्याची काप ठेव म्हणतं, कुणी डोळ्यात दूध सोडायला सांगतं. डोळ्यात काहीही सोडू नका. मिटलेल्या पापण्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मित्राकडे उरलेले बधिर करणारे थेंब वारंवार घालू नका. त्याने दुखणं लपतं आणि डोळ्याची इजा वाढते.

एसएसच्या धुरात क्रोमियमचं एक घातक रूप असतं. आर्गॉनमध्ये ते प्रमाण कमी असलं तरी शून्य नसतं. तोंड धुराच्या वर आणू नका आणि जागा हवेशीर ठेवा. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, त्याला वास नाही, तो खाली साचतो. बंद खोलीत, खड्ड्यात किंवा टाकीत उतरून काम करताना गळती झाली तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. टाकीच्या आत एकट्याने कधीही काम करू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

आणखी एक. पाइप पुसायला ब्रेक क्लीनर किंवा क्लोरीन असलेलं कुठलंही सॉल्व्हंट वापरू नका. आर्कच्या उष्णतेत आणि किरणांत त्याचा फॉस्जीन होतो. तो विषारी वायू आहे. ॲसिटोन वापरा, ते पूर्ण वाळू द्या आणि डबा आर्कपासून लांब ठेवा.

३. मशीन आणि सामान

पातळ पाइपला मोठं मशीन लागत नाही. सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर टिग पुरतं. आपलं काम ६० अँपिअरच्या आतच होतं, त्यामुळे घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरही सराव होतो. फक्त वायरिंग आणि अर्थिंग नीट असायला हवं. मशीन घेताना चार गोष्टी पाहा: न टेकवता आर्क सुरू होणं, म्हणजे एचएफ स्टार्ट, शेवटी करंट हळूहळू उतरणं, म्हणजे डाउनस्लोप, आर्क विझल्यावरही गॅस चालू राहणं, म्हणजे पोस्टफ्लो, आणि जमल्यास करंट लयीत कमी-जास्त होणं, म्हणजे पल्स. पायाचं पेडल असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. टंगस्टन, म्हणजे टॉर्चच्या टोकाची जिच्यातून आर्क निघते ती काडी, पाइपला घासून आर्क काढायचं जुनं मशीन मात्र नवशिक्याने पातळ पाइपसाठी घेऊ नये.

बाकीचं सामान:

- १७ नंबरचा हवेने थंड होणारा टॉर्च, त्याच्या तोंडाला बसणारे ६ ते ८ नंबरचे कप, आणि गॅस लेन्स, म्हणजे गॅस सरळ सोडणारी जाळी
- १.६ मिलिमीटरचं टंगस्टन, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं
- फिलर: ३०४ ग्रेडच्या एसएससाठी ईआर ३०८एल, ३१६ साठी ईआर ३१६एल, जाडी १.२ किंवा १.६ मिलिमीटर
- आर्गॉनची टाकी आणि दोन फ्लोमीटरचा रेग्युलेटर: एक नळी टॉर्चला, एक पर्जिंगला
- फक्त एसएससाठी राखलेले वायर ब्रश, कानस आणि कटिंग-ग्राइंडिंगच्या चकत्या
- ॲसिटोन, पांढरी सुती चिंधी, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी
- हॅकसॉ आणि व्हाइस

लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं. ते किंचित किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची पूड श्वासात जाते. सोनेरी आणि निळ्या टोकाचं लँथेनमवालं टंगस्टन तेच काम तितकंच चांगलं करतं.

हत्यारं बघायला भवानी पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत फिरा. व्हाइस आणि हॅकसॉची फ्रेम रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चांगली मिळून जाते. रेग्युलेटर, गॅसची नळी आणि हेल्मेट मात्र नवीनच घ्या. भंगारातून सरावाचे तुकडे घ्यायला पूर्वी सगळे चिखली-कुदळवाडीकडे जायचे, पण तिथली बरीच गोदामं २०२५ च्या फेब्रुवारीतल्या कारवाईत पाडली गेली. आता एखाद्या फॅब्रिकेटरशी ओळख काढून त्याच्याकडचे कापलेले तुकडे किलोवर घेणं जास्त सोपं पडतं. ग्रेडही कळतो.

टाकी घेताना "आर्गॉन मिक्स द्या" असं चुकूनही म्हणू नका. मिक्समध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, तो मिगसाठी, म्हणजे सीओटू वेल्डिंगसाठी. आपल्याला ९९.९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध आर्गॉन लागतो. मोठ्या टाकीत ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर गॅस असतो. टॉर्चला ८ आणि पर्जिंगला ५ असे मिनिटाला १३ लिटर धरले तर साधारण नऊ तास होतात. टाकी उभीच ठेवायची, साखळीने बांधायची, आणि नेताना वरची टोपी लावायची. व्हॉल्व्ह तुटला तर तिचं रॉकेट होतं. विक्रेता सहसा ओळखपत्र आणि अनामत मागतो, त्या अनामतीची पावती जपून ठेवा.

४. पाइप कुठला आहे ते ओळखा

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. बाजारात रेलिंगसाठी विकला जाणारा बराच पाइप २०२ असतो. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त. चुंबक लावून हे दोन वेगळे करता येत नाहीत, कारण दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत. खात्रीसाठी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या खेपेचा नंबर, पाइपवरच्या नंबरशी जुळवा. नाहीतर थेंब टाकून मँगनीज दाखवणारं टेस्टिंग लिक्विड मिळतं, ते वापरा. हातसरावाला २०२ चालेल, खाण्यापिण्याच्या लाइनला नाही.

नावात 'एल' असलेला ग्रेड म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात एसएस जास्त वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि वेल्डच्या शेजारची पट्टी गंजायला मोकळी होते. पातळ पाइपला कमी उष्णता आणि एल ग्रेडचा फिलर हे दोन्ही त्यासाठीच.

५. कापणं, घासणं, पुसणं

पाइप काटकोनातच कापा. पाइप कटर असेल तर उत्तम, नाहीतर १ मिलिमीटरची पातळ चकती. कापल्यावर आतली-बाहेरची बोचरी कड कानशीने काढा आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्टा आतूनही आणि बाहेरूनही घासून घ्या. मग ॲसिटोनची चिंधी. चिंधी काळी निघायची थांबेपर्यंत पुसा. त्यानंतर उघड्या हाताने जॉइंटला शिवू नका.

एमएसवर फिरवलेली चकती एसएसवर लावली की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि चार दिवसांनी तांबूस ठिपके उठतात. पावसाळ्यात दोन दिवसही लागत नाहीत. चकत्यांचा आणि ब्रशचा डबा वेगळा ठेवा आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा.

६. टंगस्टनला टोक

पेन्सिलीसारखं टोक, त्याची लांबी टंगस्टनच्या जाडीच्या दोन ते अडीच पट. घासल्याच्या रेषा उभ्या, टोकाच्या दिशेने जायला हव्यात. आडव्या रेषा असतील तर आर्क भरकटते. टंगस्टन वितळलेल्या धातूच्या डबक्यात बुडलं किंवा फिलर त्याला लागला, तर तिथेच थांबा आणि पुन्हा टोक करा. सुरुवातीला दिवसाला वीस वेळाही टोक करावं लागेल, करा. घाण टोकाने ओढलेला प्रत्येक इंच पुढे कापूनच टाकावा लागतो.

७. पोलॅरिटी आणि करंट

रॉडवरून आलेल्यांनी इथे लक्ष द्या. रॉडला आपण बहुतेक वेळा होल्डर प्लसला लावतो. आर्गॉनमध्ये टॉर्च मायनसला आणि पाइपला लावायचा अर्थिंगचा क्लॅम्प प्लसला. उलट लावलं तर टंगस्टनचं टोक काही सेकंदांत गोळा होऊन वितळतं.

सपाट पत्र्यावर आणि पाइपवर मी सुरुवातीला हे आकडे धरतो:

- १.२ मिलिमीटर, म्हणजे १८ गेज: ३५ ते ४५ अँपिअर
- १.६ मिलिमीटर, म्हणजे १६ गेज: ४५ ते ६० अँपिअर
- २ मिलिमीटर: ६० ते ७५ अँपिअर

टॉर्चचा गॅस मिनिटाला ७ ते १० लिटर. जास्त सोडला की गॅस घोळतो आणि उलट हवा आत ओढतो. डाउनस्लोप दोन-तीन सेकंद, पोस्टफ्लो सहा ते आठ सेकंद. पंखा बंद. उघड्या शेडमध्ये असाल तर वाऱ्याच्या बाजूला प्लायचा तुकडा उभा करा. झुळुकीनेसुद्धा गॅसचं पांघरूण उडतं आणि वेल्ड करडं पडतं. पावसाळ्यात ओल्या बुटांनी टॉर्चला हात लावू नका, एचएफचा झटका जोरात बसतो.

८. पाइपआधी पट्टी

पाइपवर लगेच जाऊ नका. १.६ च्या पत्र्याच्या सहा इंची पट्ट्यांवर आधी फिलरशिवाय सरळ रेघ ओढा. टंगस्टन पत्र्यापासून दीड मिलिमीटर वर आणि टॉर्च उभ्या रेषेपासून १०-१५ अंश मागे कललेला. नजर आर्कवर नको, डबक्यावर ठेवा. डबकं पुढे जाताना एकाच रुंदीचं राहिलं की तुमचा वेग बरोबर आहे.

ते जमलं की फिलर. तो जवळजवळ आडवा, १५-२० अंशांत, डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवायचा आणि थोडा मागे घ्यायचा, पण गॅसच्या पांघरुणाबाहेर काढायचा नाही. बाहेर गेलेलं गरम टोक हवेत काळं पडतं आणि पुढच्या थेंबाबरोबर ती घाण आत जाते. घरी टीव्ही बघतानाही बोटांतून फिलर सरकवायचा सराव करा. मी तो सायकलच्या स्पोकवर केला.

एसएस उष्णता धरून ठेवतं. लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वेगानेच ती त्यातून पसरते, आणि तापल्यावर ते दीडपट जास्त फुगतं. म्हणून पट्टीही वाकडी होते आणि दुसऱ्या इंचावर डबकं अचानक मोठं होतं. हा धडा पट्टीवर स्वस्तात मिळतो.

९. जोड बसवणं आणि टॅक

१.६ च्या पाइपला खाच नको आणि फटही नको. दोन तोंडं एकमेकांवर टेकवा, अँगलच्या खाचेत ठेवून क्लॅम्प करा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका. उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा घासा. पातळ पाइपला जिथे फट असते तिथेच भोक पडतं, हे मला कळायला फार वेळ लागला. मी करंट कमी करत बसायचो आणि चूक कापण्यात असायची.

दोन्ही पाइपांच्या कडा एका पातळीत आहेत का, हे नखाने चाचपून बघा. पायरी लागली तर आत ती दुधाला अडवणारच.

टॅक, म्हणजे जोड जागेवर धरणारे छोटे ठिपके, चार: घड्याळाच्या १२ वर, मग ६, मग ३, मग ९. समोरासमोर मारल्याने पाइप एका बाजूला ओढला जात नाही. प्रत्येक टॅक दोन-तीन मिलिमीटरचा, फिलरशिवाय. आणि टॅक मारतानाही पर्जिंग चालूच हवं. ही चूक सगळे करतात. टॅकला आत काळं धरलं की वरून कितीही सुंदर वेल्ड ओढा, ते तसंच राहतं.

१०. पर्जिंग

माझा तो सोनेरी जॉइंट इथेच फसला होता. बाहेरून टॉर्चचा गॅस राखण करतो, आतून कुणीच करत नाही. आतली हवा बाहेर काढून तिथे आर्गॉन भरायचा, एवढंच पर्जिंग.

पाइपची दोन्ही तोंडं ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद करा. एका तोंडाला गॅसची नळी आत घाला. दुसऱ्या तोंडाला हवा जायला एक भोक ठेवा, अंदाजे पेन्सिलीच्या जाडीचं. आर्गॉन जड असल्यामुळे गॅस खालून आत आणि हवा वरून बाहेर, अशी रचना करा. जॉइंटवरही गोल पट्टी गुंडाळा आणि वेल्ड करत जाल तशी थोडी थोडी सोडवा.

वेळ किती द्यायचा, हे अंदाजावर सोडू नका. पाइपच्या आतल्या जागेच्या निदान दहा पट गॅस जायला हवा. दीड इंची पाइपचा फूटभर तुकडा घेतला तर आत ३०० मिलिलिटरही जागा नसते. मिनिटाला ५ लिटरने एका मिनिटात काम होतं. त्याच पाइपची सहा मीटरची लांबी असेल तर आत पावणेसहा लिटर जागा, म्हणजे बारा मिनिटं हवीत. लांब लाइनीत पूर्ण पाइप भरत बसण्यापेक्षा जॉइंटच्या दोन्ही बाजूंना फोमचे बोळे घालतात. पण जॉइंटपासून वीतभर तरी लांब ठेवा, नाहीतर फोम जळून आत चिकटतो. बोळ्याला दोरी बांधायला विसरू नका.

अनेक ठिकाणी बाहेरच्या भोकाशी लायटर धरतात आणि ज्योत विझली की "झालं पर्ज" म्हणतात. ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांच्या आसपास असतो. एसएसची आतली बाजू स्वच्छ यायला तो ०.१ टक्क्याच्याही खूप खाली हवा. वर्कशॉपमध्ये ऑक्सिजन मीटर असेल तर तो वापरायला शिकून घ्या. नसेल तर घड्याळ आणि वरचा हिशोब.

वेल्ड सुरू करताना पर्जिंग मिनिटाला २-३ लिटरवर आणा. दाब जास्त राहिला तर शेवटचा अर्धा इंच बंद करताना आतला गॅस डबकं बाहेर फुंकून टाकतो. भोक बुजलं नाही ना, तेही बघा.

११. प्रत्यक्ष वेल्ड

पहिले पन्नास जॉइंट पाइप फिरवत करा. एका अँगलवर चार जुनी बेअरिंगं बसवली की रोलर तयार होतो. मदतनीस पाइप सावकाश फिरवतो आणि तुम्ही घड्याळाच्या १ ते ११ च्या मध्ये टॉर्च जवळजवळ स्थिर ठेवता. कोपर आणि मनगट कशावर तरी टेकलेलं असू द्या. टॉर्च पेटवण्याआधी एकदा कोरडी फेरी मारा. हात कुठे अडतो ते तेव्हाच कळतं.

फट शून्य असेल तर १.६ च्या पाइपला फिलरशिवाय नुसता वितळवून जोडताही येतो, आणि सुरुवात तशीच करा. कामाच्या ड्रॉइंगमध्ये फिलर मागितला असेल तर तो घालावाच लागतो.

एका दमात पूर्ण गोल पळवू नका. एक चतुर्थांश ओढा, थांबा, समोरचा चतुर्थांश ओढा. हात लावण्याइतका थंड झाला की पुढे. पाण्यात बुडवू नका, फुंकर मारू नका. पुढे जाल तसं पाइप तापतो, म्हणून ५५ वर सुरू केलं तर शेवटी ४५ पर्यंत उतरा. प्रत्येक नवी सुरुवात आधीच्या वेल्डवर पाच-सहा मिलिमीटर मागून घ्या. शेवट करताना करंट उतरू द्या आणि आर्क विझल्यावर टॉर्च तिथेच धरून ठेवा. पोस्टफ्लो संपायच्या आत हात उचलला की शेवटच्या खड्ड्यात बारीक चीर पडते आणि टंगस्टनही काळं होतं.

१२. कापा आणि बघा

सरावाचा प्रत्येक जॉइंट कापा. सुरुवातीच्या शंभरातला एकही न कापता ठेवू नका. उभा चिरून उन्हात धरा. आतून फिकट पिवळा किंवा सोनेरी पट्टा, बारीक आणि सलग, म्हणजे उत्तम. गडद निळा दिसला तर पर्जिंग कमी पडलं किंवा उष्णता जास्त झाली. करडा, काळा, दाणेदार म्हणजे नापास. आत जोडाची रेघ अजून दिसत असेल तर वेल्ड आरपार गेलाच नाही. आतल्या बाजूला डबकं लोंबलं असेल तर वेग कमी पडला.

तुकड्यावर मार्करने करंट, टॉर्चचा गॅस, पर्जिंगचा गॅस आणि वेळ लिहा. मी असे तुकडे तारखेने दोरीत ओवून ठेवले होते. कुठल्या आठवड्यात काय सुधारलं ते त्यावरून दिसायचं.

बाहेरचा रंग काढायला एसएसचा ब्रश किंवा बफ पुरतो. पिकलिंग पेस्टला नवशिक्याने हात लावू नये. तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत शिरतं आणि दुखणं काही वेळा तासांनंतर सुरू होतं. ज्या वर्कशॉपमध्ये ती वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल ठेवलं आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

१३. ट्रायलला जाताना

फिरवून जमलं की पाइप आडवा आणि पक्का धरून, म्हणजे ५जी, आणि नंतर ४५ अंशांत तिरका, म्हणजे ६जी. मोठ्या कामांवर एएसएमई सेक्शन नऊ, या अमेरिकन संस्थेच्या वेल्डिंगच्या नियमांप्रमाणे वेल्डरची चाचणी होते. पास झाल्यावर त्या प्रक्रियेचं वेल्डिंग सहा महिने केलंच नाही तर ती पात्रता संपते. म्हणून काम बदलताना जुन्या ठिकाणाहून तुमच्या कामाची लेखी नोंद घ्या.

ट्रायलला, म्हणजे कामावर घेण्याआधीच्या चाचणीला, स्वतःचं हेल्मेट, मोजे, टोक केलेली चार-पाच टंगस्टनं आणि एसएसचा ब्रश न्या. तिथल्या मशीनची पोलॅरिटी आणि गॅस स्वतः तपासा. पर्जिंगला लागेल तेवढा वेळ मागून घ्या, घाई करतील तरी. आणि तुमचा एक चांगला जॉइंट उभा चिरून, पिशवीत टाकून सोबत ठेवा. सुपरवायझर तो हातात घेऊन आधी आतच बघेल.